क्रेनचा दाखला आणि आकड्याखालचा माणूस

गोव्याच्या कोणत्याही शहराकडे आज दुरून पाहावे, तर देवळांचे कळस, चर्चचे मनोरे आणि माडांचे शेंडे यांच्याही वर एक नवी आकृती आभाळात हात पसरून उभी दिसते. ती क्रेनची. जुन्या मराठीत हिला यारी म्हणत आणि बंदरातल्या माणसाला ती पिढ्यान् पिढ्या परिचयाची होती. आता ती बंदर सोडून गावात आली आहे. जानेवारी २०१९ मध्ये खुला झालेला मांडवीवरचा अटल सेतू, डिसेंबर २०२२ आणि डिसेंबर २०२३ अशा दोन टप्प्यांत वाहतुकीस मोकळा झालेला झुआरीवरचा नवा पूल, मोपाचा विमानतळ, ही सारी कामे क्रेनच्या बळावर उभी राहिली. या यंत्राविषयी आमच्या मनात आकस नाही. ज्या ओझ्याने पूर्वी शेकडो मजुरांच्या पाठी मोडल्या, ते ओझे आज एक माणूस खुर्चीत बसून उचलतो, ही प्रगतीच होय. प्रश्न एवढाच आहे की, त्या खुर्चीत कोणाला बसू द्यावे, त्या यंत्राला कोणी आणि काय पाहून दाखला द्यावा, आणि तो दाखला खोटा ठरला तर जाब कोणी द्यावा?

हा प्रश्न आजच उपस्थित करण्यास कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अंमलात आणल्या. त्यांपैकी व्यवसायसुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेने १९४८ चा कारखाने कायदा, १९८६ चा गोदी कामगार सुरक्षा कायदा आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा यांसह तेरा कायदे आपल्या पोटात घेतले. संक्रमणाच्या काळात जुन्या कायद्यांखालील नियम चालू राहतील, असे केंद्राने त्याच वेळी जाहीर केले. परंतु संक्रमण हे शेवटी संक्रमणच. जुने घर मोडून नवे बांधताना जुन्यातले कोणते वासे वापरायचे आणि कोणते टाकायचे, हे आधी ठरवावे लागते. क्रेनपुरते बोलायचे, तर जुन्या घरातले काही वासे सागवानी आहेत, आणि काहींना वाळवी लागली आहे.

आधी सागवानी वासे पाहू. बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९८ मध्ये केलेल्या नियमांत उचलयंत्रांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कोणतीही क्रेन प्रथम वापरात आणण्यापूर्वी, तिची मोठी दुरुस्ती केल्यावर आणि ती कामाच्या जागी उभी केल्यावर सक्षम व्यक्तीकडून तिची चाचणी झाली पाहिजे. ही चाचणी किमान पाच वर्षांतून एकदा आणि कसून तपासणी बारा महिन्यांतून एकदा झालीच पाहिजे. चाचणीचे वजनही ठरलेले आहे. २० टनांपर्यंतच्या यंत्राला त्याच्या सुरक्षित भाराहून २५ टक्के अधिक ओझे उचलून दाखवावे लागते, २० ते ५० टनांच्या यंत्राला ५ टन अधिक आणि ५० टनांवरच्या यंत्राला १० टक्के अधिक. पोलादी तारदोराची पाहणी तीन महिन्यांतून एकदा व्हावी, आणि एक तार जरी तुटलेली दिसली तरी पुढे ती दर महिन्याला व्हावी. दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीमध्ये एकूण तारांपैकी शेकडा दहांहून अधिक तारा तुटलेल्या आढळल्या की तो दोर बाद. हे नियम कोणा कारकुनाने टेबलावर बसून रचलेले नाहीत. जगभरच्या बंदरांत आणि बांधकामांवर माणसे मेली, त्यांच्या मरणाच्या चौकशीतून हे आकडे आले आहेत. नव्या संहितेखालील मानकांत त्यांतला एकही आकडा सैल होता कामा नये.

मग एवढे नियम असूनही माणसे का मरतात? ऑगस्टच्या पहिल्या तारखेने आपल्याला दोनदा धडा दिला आहे. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये एक प्रचंड क्रेन कोसळून ११ जण ठार झाले. त्यांतले बहुसंख्य कंत्राटदारांची माणसे होती. क्रेन कोसळली ती रोजच्या कामात नव्हे, चाचणी चालू असताना कोसळली. ज्या परीक्षेने माणसांचे रक्षण व्हावयाचे, त्या परीक्षेच्या वेळीच माणसे तिच्या पायथ्याशी होती. तीन वर्षांनी, ३१ जुलै २०२३ च्या रात्री आणि १ ऑगस्टच्या पहाटेच्या संधीवर, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविणारे अजस्र यंत्र खाली आले आणि २० जणांचा बळी गेला. ते यंत्र नेहमीच्या अर्थाने क्रेन नव्हे. पण शेकडो टनांचे ओझे माणसांच्या डोक्यावर तोलून धरणारे यंत्र ते होतेच, आणि नियम त्यालाही लागू पडायला हवा. मेलेली माणसे दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेली होती. चार दिवस वर्तमानपत्रांत मथळे आले, नुकसानभरपाई जाहीर झाली, आणि महामार्ग पुढे सरकला.

या यंत्राचे वर्म कोठे आहे, हे वाचकांनी समजून घेतले पाहिजे. कारण ते समजल्यावाचून दाखल्याचा प्रश्न उमगणार नाही. '५० टनांची क्रेन' असे आपण सहज म्हणतो. पण ती ५० टन उचलते ती ओझे अगदी तिच्या पायाशी, जेमतेम तीनेक मीटरांवर असेल तेव्हाच. तिचा बाहू जसजसा लांब आणि आडवा होत जाईल, तसतशी तिची शक्ती घटते, आणि तीच क्रेन तीस मीटरांवर दोनचार टनांनीही उलटू शकते. विहिरीवरची लाट ज्याने ओढली आहे त्याला हे तत्त्व सांगावे लागत नाही. म्हणून प्रत्येक क्रेनबरोबर तिचा भारतक्ता असतो: बाहूची लांबी किती, कोन किती, अंतर किती, तर ओझे किती. हा तक्ता वाचता येणे हीच क्रेनचालकाची खरी विद्या. त्याखेरीज जमीन. फिरत्या क्रेनचे आधारपाय ज्या भूमीवर टेकतात ती पावसाने भिजलेली असेल, नुकतीच भर घातलेली असेल किंवा खालून गटार गेले असेल, तर नवीकोरी, काल तपासलेली क्रेनसुद्धा आज आडवी होते. सारांश, कारखान्यात दिलेला दाखला यंत्राच्या हाडापेरांविषयी सांगतो. ती क्रेन आज, या जागी, या वाऱ्यात, या माणसाच्या हाती सुरक्षित आहे की नाही, हे तो सांगत नाही.

आणि येथेच वाळवी लागलेला वासा दिसतो. यंत्राविषयी इतका काटेकोर असलेला नियम माणसाविषयी मात्र मोघम होतो. क्रेन चालविणारा आणि त्याला खुणा करणारा अठरा वर्षांवरचा असावा, पुरेसा सक्षम व विश्वासू असावा, त्याला या कामातील धोक्यांचे ज्ञान असावे आणि त्याची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी व्हावी, एवढेच १९९८ चे नियम सांगतात. 'पुरेसा सक्षम' म्हणजे किती? हे कोणी ठरवायचे? व्यवहारात ते मुकादम ठरवितो, आणि मुकादमाला स्लॅब उद्या पुरा करायचा असतो. विचारले तर अवजड वाहनाचा परवाना दाखविला जातो. तो परवाना रस्त्यावर गाडी हाकण्याचा आहे, ओझे हवेत तोलण्याचा नव्हे. रस्त्यावर उत्तम गाडी चालविणाऱ्या माणसाला भारतक्ता वाचता येतोच असे नाही, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळविण्याच्या सोयी आपल्या देशात आता आहेत; पण ज्याच्याकडे ते नाही त्याला खुर्चीतून खाली उतरविणारा कोणी नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला? अमेरिकेने तो सोडविण्यास किती वर्षे लावली, हे पाहणे बोधप्रद आहे. तेथे कामगार व मालक यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून २००४ साली नव्या नियमांवर एकमत केले. नियम प्रत्यक्ष जाहीर झाला तो ऑगस्ट २०१० मध्ये, आणि त्या दरम्यान २००८ साली एकट्या न्यूयॉर्क शहरात दोन टॉवर क्रेन कोसळल्या. १५ मार्चच्या अपघातात सात आणि ३० मेच्या अपघातात दोन जण मृत्यू पावले. २०१० च्या नियमाने चालकाला प्रमाणपत्र सक्तीचे केले, परंतु त्याची मुदत २०१४ वरून २०१७ आणि २०१७ वरून २०१८ अशी ढकलत नेण्यात आली. वाद असा की, प्रमाणपत्र क्रेनच्या प्रकारापुरते असावे की तिच्या क्षमतेप्रमाणेही असावे, आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणजे माणूस तयार झाला असे मानावे काय. अखेरीस नोव्हेंबर २०१८ मध्ये जो तोडगा निघाला तो आम्हांस शहाणपणाचा वाटतो. बाहेरच्या संस्थेचे प्रमाणपत्र आवश्यक; पण तेवढ्याने भागणार नाही. ज्या विशिष्ट यंत्रावर आणि ज्या विशिष्ट कामासाठी त्या माणसाला नेमायचे, त्याची पात्रता मालकाने स्वतः पारखून तसे लेखी नोंदवायचे. म्हणजे परीक्षा घेणारा एक, जबाबदारी घेणारा दुसरा, आणि दोघांपैकी कोणालाही हात झटकता येत नाहीत.

सिंगापूरने आणखी एक पाऊल टाकले. तेथील २०११ च्या नियमांनुसार क्रेनचालक नोंदणीकृत तर लागतोच. पण ओझे बांधणारा, खुणा करणारा आणि उचल पार पाडणारा पर्यवेक्षक हेही शिकलेले लागतात, आणि उचलीपूर्वी तिची योजना कागदावर मांडावी लागते. हे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे ओझ्याला पट्टे बांधणारा खलाशी हा कामावरचा सर्वांत स्वस्त माणूस असतो. शंभर टनांची क्रेन, तिच्यावर अनुभवी चालक, आणि खाली काल आलेल्या पोराने अंदाजाने अडकविलेला पट्टा! साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी, ही म्हण क्रेनच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे.

येथे दाखला देणाऱ्यांविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. न्यूयॉर्कच्या त्या २००८ सालच्या पहिल्या अपघातानंतर थोड्याच दिवसांत शहराच्या एका निरीक्षकाला अटक झाली. ४ मार्चला आपण ती क्रेन तपासल्याची नोंद त्याने केली होती, आणि ती तपासणी झालीच नव्हती असा त्याच्यावर आरोप होता. त्या तपासणीने अपघात टळला असता असे नव्हे. पण जून महिन्यात त्याच खात्याचा क्रेन विभागाचा प्रमुखच लाच घेऊन तपासणीचे खोटे दाखले दिल्याच्या आणि चालकांच्या परीक्षेत लबाडी केल्याच्या आरोपांवरून पकडला गेला, आणि पुढे त्याने गुन्हा कबूल केला. श्रीमंत देशात, प्रख्यात शहरात ही अवस्था. मग ज्याची तपासणी करायची त्याच मालकाकडून फी घेऊन दाखला देणाऱ्या आपल्या 'सक्षम व्यक्तीं'वर देखरेख किती कडक हवी, याचा विचार वाचकांनीच करावा. या व्यवसायात सचोटीने काम करणारे अभियंते आहेत, आणि आम्ही त्यांचा आदर करतो. परंतु दोन जागी एकाच दिवशी चाचणी केल्याचे दाखले देणाऱ्याला विचारणारे कोणी नसेल, तर सचोटीचा माणूसच बाजारातून हद्दपार होतो. कारण त्याची फी जास्त असते आणि तो 'नाही' म्हणतो.

गोव्यापुरते बोलायचे, तर आमच्या किनाऱ्याची काही खास संकटे आहेत. येथील खारी हवा पोलादाला आतून खाते. तारदोर बाहेरून तेलकट चकचकीत दिसला तरी त्याच्या गाभ्यात गंज असू शकतो, म्हणून घाटावरच्या वेळापत्रकाने येथे भागत नाही. दुसरे संकट वाऱ्याचे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने गोव्याची जी दैना केली ती कोणी विसरलेले नाही. वादळाची सूचना आली की टॉवर क्रेनचा बाहू जखडून ठेवावा, असे अनभिज्ञ माणसाला वाटते. खरे तर काम थांबविताना त्याचा फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडावा लागतो, म्हणजे तो वातकुक्कुटासारखा वाऱ्याच्या दिशेने वळतो आणि वाऱ्याचा मारा कमी होतो. जखडलेला बाहू अख्खा मनोरा खाली आणू शकतो. ही एवढी गोष्ट ठाऊक असलेला आणि नसलेला चालक, यांतले अंतर शेजारच्या घरांतल्या माणसांच्या जिवाएवढे आहे. आणि वारा केवळ क्रेनलाच लागतो असे नाही. उचललेल्या ओझ्यालाही लागतो. १४ जुलै १९९९ रोजी अमेरिकेतील मिलवॉकी येथे क्रीडागाराच्या छपराचा अवाढव्य तुकडा जोराच्या वाऱ्यात उचलण्याचा हट्ट झाला, 'बिग ब्लू' नावाची प्रसिद्ध क्रेन कोसळली आणि तीन कामगार प्राणास मुकले. तेथे उणीव यंत्राच्या दाखल्याची नव्हती. 'आज उचलू नका' असे म्हणून ते ऐकायला लावणाऱ्याची होती.

या सर्वांविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात तेही विचारात घेतले पाहिजेत. लहान कंत्राटदार म्हणतो की, आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक खेप, आणखी एक हात ओला करणे. हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच दाखल्यांची संख्या वाढवावी असे आमचे म्हणणे नाही. असलेला दाखला खरा व्हावा, असे आहे. दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. पंधरा-वीस वर्षे क्रेन चालविणारा, शाळेची पायरी न चढलेला चालक लेखी परीक्षेत नापास होऊन बेकार होईल, त्याचे काय? त्याच्या हातची कला कोणत्याही पदविकेहून मोठी असू शकते. त्याची परीक्षा यंत्रावर बसवून घ्यावी, तोंडी घ्यावी, आणि मराठी, कोंकणी, हिंदी, कन्नड यांपैकी त्याला येत असेल त्या भाषेत घ्यावी. उणे असेल ते शिकवावे. पैसा कोठून आणावा, असे कोणी विचारू नये. बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक या दराने उपकर वर्षानुवर्षे गोळा होत आला आहे आणि कामगार कल्याण मंडळाकडे तो जातो. कामगाराला जिवंत ठेवण्याहून त्याचे मोठे कल्याण कोणते?

नव्या संहितेत निरीक्षकाचे नाव बदलून त्याला 'निरीक्षक-नि-सुविधाकार' केले आहे आणि कोणती जागा तपासायची याची निवड संगणकाने करावी अशी योजना आहे. निरीक्षकाची दहशत कमी करण्याचा हेतू आम्ही समजू शकतो. पण टॉवर क्रेन एका जागी काही महिनेच उभी असते, आणि फिरती क्रेन तर दोन दिवसांत काम आटोपून जाते. संगणकाची चिठ्ठी निघेपर्यंत क्रेनही गेलेली असेल आणि, दुर्दैवाने, कदाचित माणूसही. बाणावर बाण मारण्यापेक्षा लक्ष्यच हलू लागले की निशाणी बदलावी लागते. क्रेन उभारण्यापूर्वी तिची सूचना देणे, हाच यावरचा उपाय होय.

तेव्हा राज्य सरकारकडे आमचे मागणे असे आहे. प्रथम, गोव्यात कामावर असलेल्या प्रत्येक क्रेनची एक जाहीर नोंदवही कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाने ठेवावी. तिच्यात यंत्राचे वय, शेवटच्या चाचणीची तारीख आणि दाखला देणाऱ्याचे नाव असावे, आणि ती कोणाही नागरिकाला पाहता यावी. दुसरे, टॉवर क्रेन उभारणे, तिची उंची वाढविणे आणि ती उतरविणे या तिन्ही प्रसंगांची आगाऊ सूचना सक्तीची असावी. कारण क्रेनला सर्वाधिक धोका याच तीन वेळी असतो. तिसरे, चालक, खुणा करणारा आणि ओझे बांधणारा या तिघांना प्रत्यक्ष परीक्षेवर आधारलेले ओळखपत्र असल्यावाचून उचल होऊ नये, आणि मालकाने त्या कामापुरती त्यांची पात्रता लेखी नोंदवावी. चौथे, दाखले देणाऱ्या सक्षम व्यक्तींच्या कामाची दरवर्षी निवडक फेरतपासणी व्हावी, आणि खोटा दाखला देणाऱ्याची मान्यता कायमची रद्द व्हावी. पाचवे, वारा, जमीन किंवा ओझे यांविषयी शंका आल्यास उचल नाकारण्याचा अधिकार चालकाला असावा आणि त्यासाठी त्याची रोजी एक पैशाने कापली जाऊ नये. सहावे, रहदारीच्या रस्त्यावरून किंवा लोकांच्या घरांवरून ओझे फिरविण्यास सक्त मनाई असावी.

यांतले काहीही असाध्य नाही. आपल्याकडे कागद पुरे असूनही काय होते, याचा विदारक अनुभव गोव्याने ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात घेतला. चावडीवरची अर्धवट इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी बसली आणि तीसहून अधिक मजूर तिच्याखाली गाडले गेले. तेथे क्रेनचा संबंध नव्हता, पण परवानग्या होत्या, शिक्के होते, सह्या होत्या. बैल गेला नि झोपा केला, हे आपल्या कारभाराचे जणू ब्रीदच होऊन बसले आहे. नवी संहिता आली आहे, मानके ठरायची आहेत, नियमांना आकार यायचा आहे. बैल गोठ्यात असतानाच झोपा करण्याची ही वेळ आहे.

दसऱ्याला बांधकामावरच्या क्रेनलाही झेंडूचा हार घातला जातो, तिच्यापुढे नारळ फुटतो. ही यंत्राविषयीची कृतज्ञता आमच्या संस्कृतीला शोभणारीच आहे. परंतु ज्या यंत्राची पूजा करायची त्याची देखभाल करणे हाही पूजेचाच भाग आहे, आणि त्या यंत्राखाली राबणाऱ्या माणसाचा जीव हा त्या पूजेतला नैवेद्य खचित नव्हे. म्हणून शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते: क्रेनच्या दाखल्यावर सही करणाऱ्याने, मग तो अभियंता असो, मालक असो वा अधिकारी असो, सही करण्यापूर्वी आपण स्वतः त्या आकड्याखाली उभे राहू काय, हा प्रश्न मनाला विचारावा. उत्तर नकारार्थी आले, तर लेखणी खाली ठेवावी. तेवढे झाले तरी पुष्कळ घरांचे दिवे विझायचे वाचतील.